सापळा क्रमांक तीनचा खुलासा

मु. खालची वाडी, ता. पोलादपूर
वार शुक्रवार (तारखेचा खुलासा खाली केला आहे)

आदरणीय व्याही श्री. अनिलराव यांना कुशाबाचा आणि सौ. रंगूबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार (माझे हात जोडले की सुटायला सध्या वेळ लागतो, बोटांना चिकट लागलेलं आहे, पण भावना पूर्ण आहे).

आपली प्रकृती कशी आहे? विहीणबाई गीताबाईंचे गुडघे महाडच्या थंडीत दुखत तर नाहीत ना? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे तब्येतीच्या बाबतीत क्षेम आहे, बाकीचं लिहितोच. सूनबाई सलोनी परवा बुधवारी सकाळच्या गाडीने आपल्याकडे आल्या. माहेरपणाला आले असं त्या म्हणाल्या असतील. आम्हीही इथे विचारेल त्याला तेच सांगतो. चिरंजीव हर्षदला मुंबईला अजून काही कळवलेलं नाही, कारण काय कळवायचं ते माझं मलाच नीट समजलेलं नाही. आपण पोस्टात पस्तीस वर्षं काढलीत, तेव्हा फोनपेक्षा पत्राचा मान आपण जास्त ठेवाल म्हणून लिहायला बसलो. शिवाय आमच्याकडे फोन लागतो तो फक्त घाटाच्या वळणावर, आणि तिथे उभं राहिलं की आंबेनळीतून महाबळेश्वरला जाणारी माणसं गाडी थांबवून मला विचारतात, फोटो काढायची जागा हीच का. अशात घरगुती बोलणं होत नाही.

तारखेचा खुलासा असा. सूनबाईंनी मिरचीत लावायला चिकट सापळे आणले होते. वहीच्या पुठ्ठ्याएवढे कार्ड, काही पिवळे, काही निळे, दोन्ही बाजूंना डिंक आणि त्यावर कागद. कागद शेतात गेल्यावर काढायचा असतो. मी ह्या महिन्यात एका कार्डाचा कागद घरातच काढला (सोललेलं नेलं तर तिथे वेळ वाचेल असा विचार होता) आणि कार्ड क्षणभर भिंतीला टेकवून ठेवलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याचं निम्मं पान कार्डाबरोबर आलं. तेव्हापासून आमच्या घरात जानेवारी पंधरा तारखेपर्यंतच आहे. पुढचे दिवस आम्ही वारांवर काढतो आहोत. संक्रांत होऊन गेली हे नक्की, कारण तिळगूळ संपलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या कन्येने शेतीची पदवी घेतली हे आपल्याला माहीत आहेच, फी आपणच भरली. पण त्या पदवीत काय शिकवतात हे आपल्याला माहीत होतं का, हे मला विचारायचं आहे. मला सापळा म्हटला की उंदराचा ठाऊक. त्यात उंदीर सापडतो, विषय संपतो. म्हणून सापळे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सूनबाईंना विचारलं की बारा सापळ्यांत मिरचीवरचे सगळे किडे किती दिवसांत संपतील. त्या म्हणाल्या, "बाबा, हे किडे संपवायला नाहीत. हा नमुना आहे. कुठले किडे आलेत, किती आलेत, हे कळायला." मी विचारलं, कळल्यावर काय करायचं? त्या म्हणाल्या, ठरवायचं. काय ठरवायचं? फवारायचं की नाही ते. आणि नाही असं ठरलं तर? तर फवारायचं नाही. म्हणजे बारा काठ्या रोवायच्या, बारा कार्डं टांगायची, दर शुक्रवारी भिंग घेऊन माश्या मोजायच्या, वहीत लिहायच्या, आणि एवढं सगळं करून काहीच करायचं नाही! मी मान हलवली. न समजता मान हलवण्याची सवय मला रंगाच्या दुकानात लागली (मस्जिद बंदरला एकतीस वर्षं काउंटरवर होतो, गिऱ्हाईक म्हणायचं की घराला असा रंग पाहिजे जो आहे पण दिसत नाही, आणि मी मान हलवायचो).

रंगावरून आठवलं. पिवळ्यावर पांढरी माशी, मावा आणि तुडतुडे येतात, निळ्यावर फुलकिडे येतात, असं सूनबाई सांगतात. ज्याचं डोकंही नीट दिसत नाही अशा किड्याला रंगाची आवड असते हे मला पटेना. मी त्यांना म्हटलं की तुमचा हा पिवळा खरं तर पिवळा नाही, ह्याला आमच्या शेड-कार्डात लेमन म्हणतात, किडे फसणार नाहीत. त्याच सकाळी रंगूबाई हळदी रंगाचं लुगडं नेसून मिरचीत खुरपायला बसली होती. तासाभराने उठली तर पाठीवर मोहरी सांडल्यासारखा मावा! मी म्हटलं, हिचीही दर शुक्रवारी मोजणी धरावी. सूनबाई बांधावर बसून पोट धरून हसल्या. रंगूबाई हसली नाही, पण त्या दिवसापासून ती शेतात विटकरी नेसून जाते.

हे सगळं का चाललं होतं तेही सांगतो, कारण सूनबाईंनी आपल्याला ते सांगितलं नसेल. गेल्या वर्षी आम्ही वाडीतले सगळेजण मिरचीवर दर आठ दिवसांनी औषध मारत होतो. पान जरा मुरडलं की पंप, नाही मुरडलं तरी मुरडेल म्हणून पंप. पाणी भरायचं काम रंगूबाईचं. एके दुपारी ती हंडा घेऊन आली आणि बांधावर बसली ती उठेचना. डोळे फिरवले, घाम फुटला, उलट्या झाल्या. पोलादपूरला नेली. दोन दिवस अन्नाचा कण घेतला नाही. तेव्हा आपल्या कन्येला आमच्या घरात येऊन चारच महिने झाले होते. रात्रंदिवस सासूच्या उशाशी बसली ती. (मी कुठे होतो? मी बाहेर बसून होतो. अशा वेळी मला आत जायला सुचत नाही.) त्यानंतर यंदा तिने वाडीत घरोघरी जाऊन सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की मोजणीचा आकडा ठरलेल्या रेघेच्या वर गेल्याशिवाय कुणी पंपाला हात लावायचा नाही. अकरा घरांनी ऐकलं. आमच्या बांधाला बांध असलेला चांगूसुद्धा कबूल झाला, आणि चांगू त्याच्या बायकोचं ऐकत नाही.

डिसेंबरभर सगळं ठीक चाललं. मग सूनबाईंना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला अलिबागला जावं लागलं आणि मोजणी माझ्याकडे आली. जाताना त्यांनी भिंग दिलं, वही दिली आणि एका कागदावर किड्यांची चित्रं काढून दिली. चित्रात फुलकिडा बोटाएवढा होता. प्रत्यक्षात तो शिंप्याच्या दुकानात खाली पडलेल्या दोऱ्याच्या तुकड्याचा आठवा हिस्सा आहे. अनिलराव, आपण पत्रं मोजली असतील, मनिऑर्डरी मोजल्या असतील, पण असं कधी मोजलं नसेल. नुसता पंख सापडला तर एक धरायचा का अर्धा? किडे खायला आलेली मुंगी स्वतःच चिकटली तर ती कुठल्या रकान्यात? कार्ड क्रमांक पाचवर मी एक लांबट काळा किडा तीनदा मोजला, तो माझ्या भुवईचा केस निघाला.

पहिल्या शुक्रवारी आमच्या आठ कार्डांवर मिळून एक्केचाळीस भरले. चांगूच्या शेतातल्या चार कार्डांवर पासष्ट. चांगू बांध ओलांडून आला, वहीत डोकावला आणि म्हणाला, "कुशा, माझ्याकडं जास्त हाय रे!" आणि मिशीवरून हात फिरवत गेला. आता विचार केला तर कळतं की जास्त असणं हे काही भूषण नाही. पण त्या क्षणी ते ना त्याला कळलं ना मला. मला वाटलं, शिकलेली सून माझ्या घरात, आणि जास्त चांगूकडे? सूनबाई परत येऊन वही बघतील तर म्हणतील, बाबांनी नीट लक्ष दिलं नाही. सापळा क्रमांक तीनवर तर एकच माशी होती, तीही वाट चुकून आल्यासारखी. म्हणून मी क्रमांक तीन काठीसकट उपटला आणि जिथे माश्यांची खात्री आहे अशा ठिकाणी, म्हणजे आमच्या गोठ्याच्या मेढीला (लाकडी खांबाला), दोन गाठी मारून बांधला.

दुसऱ्या शुक्रवारी त्यावर सहाशे बारा!

मोजायला सकाळपासून दुपार झाली. मी जेवलोही नाही. तसाच घाटाच्या वळणावर गेलो आणि सूनबाईंना फोनवर आकडा सांगितला. मग त्या म्हणाल्या, "बाबा, सहाशे बारा? पांढरी माशी? नक्की?" मी म्हटलं, नक्की, काही तर अजून हलत होत्या. त्यांनी विचारलं, "पानाखाली बघितलंत?" मी हो म्हटलं. का म्हटलं ते आज आठ दिवस विचार करूनही मला सांगता येत नाही. पुढे त्या जे बोलल्या त्यात एका ट्रकने हॉर्न वाजवला. मला "फवारा" आणि "उद्या" एवढंच ऐकू आलं. त्या म्हणाल्या होत्या की फवारायची घाई करू नका, मी उद्या येते. हॉर्नने मधलं खाल्लं. ट्रकवाल्याला दोष देत नाही, समोरून एसटी येत होती.

मी वाडीत येऊन निरोप दिला. उद्या फवारणी. माणसं खूश झाली, कारण महिनाभर हात आखडून बसणं कुणालाच सोसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर सहा पंप रांगेत उभे राहिले, चांगूने औषधाच्या बाटलीचं झाकणही उघडलं, आणि पाण्याची पहिली घागर घेऊन कोण आलं म्हणता? रंगूबाई. तिला बघून मला गेल्या वर्षीचा तिचा हंडा आठवला, पण मी वही हातात धरून उभा होतो, आणि हातात वही असलेल्या माणसाकडे सगळे बघत असतात.

रंगूबाईने घागर खाली ठेवली, पण पाणी ओतलं नाही. पदराआडून मिरचीच्या चार डहाळ्या काढल्या आणि पानं उलटी करून एकेकाला दाखवायला लागली. "ह्याच्या खाली बघा. काय हाय? काय नाय. मी सकाळपासून सगळी मिरची उलटी करून बघितली. सहाशे माश्या ऱ्हातात कुठं?" लोक माझ्याकडे बघायला लागले. मी वही वर धरून म्हटलं की अक्षरात लिहिलेलं आहे. "लिवलेलं हाय ते हाय," ती म्हणाली, "पन पानावर नाय."

आता यापुढचं मी आपल्याला सांगितलं नाही तर चांगू सांगेल, म्हणून मीच सांगतो. नेमकी त्याच वेळी आमची म्हैस चरून परत आली. सकाळी सुटताना गोठ्यात तिने मेढीला अंग घासलं असावं. तिच्या उजव्या ढुंगणावर पिवळं कार्ड चिकटलं होतं, कार्डावर सहाशे बारा माश्या होत्या, आणि वर सूनबाईंच्या सुंदर अक्षरात "सापळा क्र. ३, मिरची" असं लिहिलेलं होतं. म्हैस दोन पंपांच्या मधून वाट काढत ओट्यासमोर आली आणि सर्वांना नीट वाचता येईल अशी पाठमोरी उभी राहिली. चांगूने मोठ्याने वाचलं. त्याला वाचायला येतं हे वाडीला त्या दिवशी कळलं.

हसता हसता माणसं खाली बसली. आणि त्या हसण्यात सूनबाई आल्या. प्रशिक्षण अर्धवट टाकून, प्रमाणपत्र मिळण्याआधी दोन दिवस, अलिबागहून तीन गाड्या बदलून आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. खोबरेल मागवलं, म्हशीच्या अंगावरून कार्ड हळूहळू सोडवलं (म्हैस त्यांचं ऐकते), भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या गोठ्यातल्या माश्या आहेत. ह्यात पांढरी माशी एकही नाही." मग माझ्याकडे वळल्या. "बाबा, सापळा कुणी हलवला?"

अनिलराव, अकरा घरची माणसं समोर. मी म्हटलं, "वाऱ्याने."

वर कुडपणच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून, इकडे वारा जोरात येतो हे खरं आहे. पण तो काठी उपटून, दोनशे पावलं चालून, मेढीला दोन गाठी मारत नाही. हे त्यांनाही कळलं आणि सगळ्यांनाच कळलं. परत हशा झाला. तो हशा मला सोसला नाही. मी म्हणालो, "पुठ्ठे टांगून शेती होत नाय, सूनबाई. तुमच्या ह्या खेळापायी सगळी वाडी येडी झाली. तुम्ही आल्याच्या आधी आम्ही काय माती खात होतो?"

त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." बाटलीचं झाकण लावलं, ती चांगूच्या हातात दिली, रंगूबाईची घागर उचलली आणि घरी गेल्या. त्यानंतरचे दिवस घरात कामापुरतं बोलल्या, आणि बुधवारी सकाळच्या गाडीने आपल्याकडे आल्या. जाताना माझ्या पाया पडल्या. रागावलेलं माणूस पाया पडतं तेव्हा आशीर्वाद काय द्यायचा असतो, हे आपल्याला माहीत असल्यास कळवावे.

रंगूबाई माझ्याशी बोलते, पण तिसऱ्या कुणाला तरी उद्देशून, आणि घरात तिसरं कुणी नसल्यामुळे म्हशीला उद्देशून. वाडीत फवारणी झाली नाही. सापळा क्रमांक तीन मी पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या खड्ड्यात रोवला आहे. आता मी शुक्रवारची वाट न बघता रोज सकाळी मोजतो. पिवळ्यांवर फारसं काही नाही. पण निळ्यांवर काहीतरी चाललं आहे. परवा सहा, काल अकरा, आज एका कार्डावर एकोणतीस. बांधाजवळच्या दोन झाडांचे शेंडे मुरडल्यासारखे दिसतात, किंवा मला तसं वाटतं. चांगूला सांगायला गेलो तर त्याने आधी विचारलं की हे कार्ड मिरचीतलं का म्हशीचं. ते निळं कार्ड त्याच्याही बांधाला लागूनच आहे. मी खरं सांगतो आहे हे आता कुणाला पटत नाही, आणि मी खरं सांगतो आहे का हे मला नक्की माहीत नाही, कारण दोऱ्याचा तुकडा आणि फुलकिडा यांतला फरक जिला कळतो ती आपल्याकडे आहे.

असो. आपण थोर आहात, समजून घ्याल. गीताबाईंना नमस्कार सांगावा. लोभ आहेच, त्यात माझ्यामुळे उणं येऊ देऊ नये ही विनंती.

आपला
कुशाबा

ता. क. १ : हे पत्र चांगू हाताने घेऊन येत आहे, महाडला त्याला तसंही काम आहे. त्याला चहा द्यावा, पण म्हशीबद्दल विचारू नये. पाकिटात एक निळं कार्ड आहे. ते सूनबाईंच्या सहज नजरेस पडेल असं ठेवावं. मी पाठवलं असं सांगू नये. चुकून चिकटून आलं म्हणावं.

ता. क. २ : कार्ड पत्राच्या दुसऱ्या पानाला चिकटलं असल्यास ओढू नये, खोबरेल लावावं. दुसऱ्या पानावर "आपल्या कन्येने" पासून "कबूल झाला" पर्यंतचा मजकूर आहे. तो फाटला तर सूनबाईंना तोंडी विचारावा. त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

ता. क. ३ : रंगूबाईने हे सगळं चांगूकडून वाचून घेतलं आणि म्हशीला म्हणाली, "येवढं लिवलं, पन जे लिवायचं ते लिवलं नाय." म्हणून लिहितो. सापळा मी हलवला. पानाखाली मी बघितलं नव्हतं. ओट्यावर जे बोललो ते खोटं होतं, आणि मी बोलत असतानाच ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. रविवारी सकाळी अकरा घरांना त्याच ओट्यावर बोलावलं आहे. जे बोललो ते तिथेच परत घेणार आहे, त्या आल्या तरी आणि न आल्या तरी. लोक हसतील. हसू देत.

ता. क. ४ : सलोनी गो, तुझ्या बाबांनी पत्र वाचायला तुझ्याच हातात दिलं असेल, त्यांचा चष्मा सापडत नसेल, म्हणून हे तुला. पाकीट बंद करायच्या आधी कार्ड आम्ही तिघांनी भिंगातून मोजलं. माझे एकोणतीस भरतात, तुझ्या सासूचे एकतीस, आणि चांगू म्हणतो एकही किडा नाय, सगळे माझ्या बंडीचे धागे हायत. तू मोजून सांगशील तोवर पंपाला कुणी हात लावणार नाय. तुझी वही इथंच राहिली आहे. आजच्या शुक्रवारचा रकाना कोरा ठेवला आहे. पेन्सिलीने एकोणतीस लिहिले होते, ते खोडले.